शाळिग्रामाच्या शंखात राहणारा प्राणी कसा होता?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. तुळशीच्या लग्नात ठेवतात त्या शाळिग्रामावरचे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा, असे त्यांनी वर्गात सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "मग त्या शंखात राहणारा प्राणी कसा दिसायचा?" पुस्तकांतल्या चित्रांत मोठे डोळे, लांबलचक भुजा आणि पट्टेदार कातडी असते. पण मांस तर कुजून जाते. मग चित्रकाराला हे सगळे कळले कुठून?

प्रश्न वर्मावरचा आहे. खरे उत्तर असे की त्या चित्राचा काही भाग जीवाश्मांत प्रत्यक्ष पाहिलेला आहे, काही भाग नातेवाइकांवरून ताडलेला आहे आणि काही भाग निव्वळ चित्रकाराचा आहे. पुस्तके हे तिन्ही भाग एकाच रंगाने रंगवतात. मी वर्षानुवर्षे कच्छच्या अमोनाइटांवर काम करते आहे, आणि मला वाटते की हे तीन भाग वेगळे करून दाखवणे हेच त्या मुलीला द्यायचे उत्तर आहे.

आधी शाळिग्रामाबद्दल. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूने वाहणाऱ्या कालीगंडकीच्या पात्रात हे काळे गोटे मिळतात. ते ज्या काळ्या चिखलखडकातून सुटतात त्याला आपल्याकडच्या हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यावरून स्पिती शेल म्हणतात. जुरासिक काळाच्या अखेरीस, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, हा टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राचा तळ होता. शंख चिखलात रुतला, त्याच्याभोवती क्षार साचून गोटा घट्ट झाला, आणि पुढे हिमालय उचलला गेला तेव्हा तो समुद्रतळही वर आला. काही शाळिग्रामांत सोनेरी चमक दिसते ती पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची. या गोट्यांत ब्लॅनफोर्डिसेरास या वंशाचे अमोनाइट बरेच सापडतात. महाराष्ट्रात मात्र अमोनाइट शोधायला जाऊ नका. आपला बहुतेक प्रदेश बेसॉल्टखाली आहे, आणि तो लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जगातले अमोनाइट संपले. आपल्याला सर्वांत जवळची मोठी जागा म्हणजे कच्छ. तिथल्या अमोनाइटांवर विल्हेल्म वागेन यांनी १८७०च्या दशकात मोठा ग्रंथ लिहिला, आणि आजही त्या थरांवर काम चालू आहे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही ते झालेले आहे.

आता शंखाकडे नीट बघा. चक्राचा मधला, गुंडाळलेला भाग हे प्राण्याचे घर नव्हे. तिथे पडद्यांनी पाडलेले बंद कप्पे असतात. सगळ्या कप्प्यांतून एक बारीक नळी जाते. त्या नळीतून प्राणी कप्प्यांतले पाणी शोषून घ्यायचा, मागे वायू उरायचा, आणि शंख पाण्यात तरंगता राहायचा. प्राणी स्वतः फक्त सर्वांत बाहेरच्या मोकळ्या खोलीत राहत असे. ही खोली कधी अर्ध्या वेढ्याची, कधी पूर्ण वेढ्याची, काही जातींत त्याहूनही लांब असते. शाळिग्रामात बऱ्याचदा नेमकी हीच खोली मोडलेली असते. म्हणजे आपण ज्याची पूजा करतो ती तरंगण्याची यंत्रणा आहे, आणि प्राण्याचा पत्ता त्याच्या बाहेर आहे.

ही खोली जिथे शाबूत असते तिथेही ती जवळजवळ नेहमी चिखलाने भरलेली मिळते. माझ्या हाताखालून कच्छचे जे अमोनाइट गेले त्यांपैकी एकातही मांसाची खूण नव्हती. हे नेहमीचेच आहे. आजचा नॉटिलस, म्हणजे बाहेर कप्पेदार शंख असलेला एकमेव जिवंत गट, मेला की त्याचे शरीर लवकरच शंखातून सुटून गळून पडते. त्याचे रिकामे शंख मग समुद्रावर तरंगत दूरदूर जातात. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यांवरही ते लागलेले आहेत. अमोनाइटचेही असेच होत असावे. ज्या चिखलात शंख सापडतो तिथे शरीर पोचलेच नसेल, तर ते शोधून काय मिळणार?

तरीही कधी कधी मांस दगड होते. मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो. मांस टिकायचे तर ते कुजणे थांबावे लागते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुजण्यानेच ते टिकते. जिवाणू मांस खाताना भोवतीच्या बंदिस्त पाण्याचे रसायन बदलतात. आम्लता वाढून पीएच सुमारे ६.३८च्या खाली गेला की कॅल्शियम कार्बोनेट साचायचे थांबते आणि त्याच्या जागी कॅल्शियम फॉस्फेट साचू लागते. हे फॉस्फेट स्नायूंच्या तंतूंवर, आतड्याच्या भिंतीवर इतक्या बारकाईने बसते की सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजता येतात. गंमत अशी, की ज्या आम्लतेत शंखाचे कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते त्याच आम्लतेत मांस जपले जाते. दुसरीकडे, जिथे चिखलात लोह भरपूर आणि सेंद्रिय पदार्थ कमी, तिथे जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड लोहाशी मिळून प्राण्याच्या अंगावरच पायराइट तयार होतो. चिखलात सगळीकडेच सेंद्रिय पदार्थ असेल तर पायराइटही सगळीकडे विखुरतो आणि प्राण्याचा आकार हरवतो. ही जुळणी किती नाजूक आहे हे यावरून लक्षात येईल. आर्टेमिया या छोट्या झिंग्यासारख्या जीवावर ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत असेही दिसले की मेल्यावर आधी कामाला लागतात ते प्राण्याच्या स्वतःच्या आतड्यातले जिवाणू. आतड्याची भिंत फुटली की ते सगळ्या शरीरात पसरतात. म्हणून जीवाश्मांत आतडे वारंवार मिळते आणि कातडी क्वचित.

अमोनाइटच्या शरीराचा पहिला भाग मात्र दोनशे वर्षे आमच्यासमोर होता आणि नीट ओळखला गेला नव्हता. युरोपातल्या जुरासिक थरांत शिंपल्यांसारख्या जुळ्या पट्ट्या मिळतात. त्यांना अॅप्टिकस म्हणतात. कोणी त्यांना स्वतंत्र शिंपले समजून नावे दिली. पुढे त्या अमोनाइटच्या खोलीत सापडू लागल्या, तेव्हा त्या शंखाचे झाकण ठरल्या. जर्मनीतल्या उलरिख लेमान यांनी १९७०च्या सुमारास जीवाश्मांचे छेद घेऊन दाखवले की तो खालचा जबडा आहे. वरचा जबडा आणि त्यांच्या मधली दातांची पट्टी त्याच जागी आहे. काही जातींत हा जबडा झाकणाचेही काम करत असेल असे लेमान यांनी नंतर सुचवले, आणि मला ते पटते, कारण त्या पट्ट्यांचा घेर शंखाच्या तोंडाशी फार चांगला जुळतो.

दातांच्या पट्टीला रॅड्युला म्हणतात, आणि नात्याचा सगळा निकाल तिच्यावर लागला. नॉटिलसच्या पट्टीत एका ओळीत १३ घटक असतात, माकूळ आणि ऑक्टोपसमध्ये ९. अमोनाइटमध्ये ९ निघाले. बाहेरून शंख नॉटिलससारखा असल्याने शतकभर सगळ्यांनी अमोनाइटला नॉटिलसच्या साच्यात बघितले होते. दातांनी सांगितले की तो माकुळाच्या घरचा आहे. शंख दिसायला सारखा असणे आणि रक्ताचे नाते असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढे २०११ मध्ये इझाबेल क्रुटा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या बॅक्युलाइट्सचे जबडे फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, तपासले. बॅक्युलाइट्स हा सरळ काठीसारख्या शंखाचा अमोनाइट. दगड न फोडता आतले दात एकेक करून दिसले. सर्वांत उंच दात २ मिलिमीटरचा. त्याच तोंडात शेवटचा घासही अडकलेला होता: इवलीशी गोगलगाय आणि कवचधारी जीवांचे बारीक तुकडे. म्हणजे हा प्राणी मासे फाडून खाणारा नव्हता, पाण्यातले बारीक जीव टिपणारा होता. सगळेच अमोनाइट असे जेवत नसत. जर्मनीच्या होल्त्समाडेनमधल्या हार्पोसेरास या अमोनाइटच्या पोटात खेकडा-कोळंबीच्या गटातल्या जीवांचे अवशेष मिळाले आहेत. "अमोनाइट काय खायचे" या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या पुस्तकावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

आता स्नायूंकडे येऊ. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात १९९८ मध्ये सिगालोसेरास जातीचा एक छोटा अमोनाइट सापडला. वय सुमारे १६.५ कोटी वर्षे. खोलीत काहीतरी आहे हे दिसत होते, पण फोडून बघायचे तर ते कायमचे गेले असते. कार्डिफ विद्यापीठाच्या लेस्ली चर्न्स आणि सहकाऱ्यांनी तो दोन प्रकारच्या किरणांनी तपासला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्ष-किरणांना जड मूलद्रव्ये अडवतात, म्हणून त्यांत खनिजांतला फरक दिसतो. न्यूट्रॉन हायड्रोजनपाशी विखुरतात, म्हणून त्यांत सेंद्रिय अवशेष उठून दिसतात. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवली तेव्हा अमोनाइटचे स्नायू आणि अवयव प्रथमच तिन्ही मितींत दिसले.

त्यात पाठीकडच्या बाजूला स्नायूंची एक जोडी होती. नॉटिलसमध्ये असे मोठे स्नायू डोके आत ओढतात, त्या दाबाने पाणी नरसाळ्यातून, म्हणजे डोक्याखालच्या नळीतून, बाहेर फेकले जाते आणि प्राणी मागे सरकतो. म्हणजे पोहणे आणि आत दडणे ही दोन्ही कामे त्याच स्नायूंची. सिगालोसेरासमधल्या स्नायूंची मांडणी वेगळी आहे. ते शरीराला शंखात खोलवर खेचून घेण्यासाठीच आहेत, नरसाळ्याला दाब देण्यासाठी नाहीत. मग पोहण्यासाठी पाणी फेकायचे काम नरसाळ्याच्या अंगच्या बळाने होत असले पाहिजे, आणि ही पद्धत अमोनाइट-माकूळ वंशात फार आधी आली असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. धोका दिसला की दार लावून आत बसणारा, आणि एरवी नरसाळ्याने पाणी फेकत फिरणारा प्राणी डोळ्यासमोर येतो. एका नमुन्यावरून सगळ्या अमोनाइटांबद्दल बोलायचे नसते, हे खरे. पण ज्या प्रश्नावर आम्ही फक्त शंखावरच्या स्नायूंच्या अस्पष्ट व्रणांवरून वाद घालत होतो, तिथे प्रत्यक्ष स्नायू मिळाला, ही मोठीच गोष्ट आहे.

त्याच वर्षी दुसरे आश्चर्य आले, जर्मनीतल्या आइखश्टेटहून. तिथल्या पातळ चुनखडीच्या पाट्यांत ख्रिस्तियान क्लुग आणि सहकाऱ्यांनी शंख नसलेला अमोनाइट ओळखला. तिथे केवळ शरीर होते. जबडे होते, त्यामागे अन्ननलिका, अन्न साठवायची पिशवी, जठर, आतडे असा पूर्ण पचनमार्ग होता, आणि नराची पुनरुत्पादनाची इंद्रियेही. शरीर शंखाबाहेर कसे आले? एक शक्यता अशी की कोणा शिकाऱ्याने, बहुधा माकुळाच्याच एखाद्या भाऊबंदाने, ते उपसून काढले आणि खाता खाता हातून निसटले. दुसरी अशी की कुजताना ते आपोआप घसरून पडले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच या दोन्ही शक्यता प्रश्न म्हणून ठेवल्या आहेत, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो.

या नमुन्यात भुजा मात्र नाहीत. सिगालोसेरासमध्येही नाहीत. खरे सांगायचे तर निःसंशय अमोनाइटच्या भुजांचा पूर्ण संच आजवर कोणीच पाहिलेला नाही. रेबोसेरास या क्रिटेशस (जुरासिकनंतरच्या) काळातल्या अमोनाइटात काही आकडे सापडले. ते आधी दात मानले गेले आणि नंतर काही संशोधकांनी ते भुजांवरचे आकडे असल्याचे मांडले. प्रत्यक्ष पुराव्याची मजल एवढीच. पुस्तकांतल्या दहा भुजा नात्यावरून आल्या आहेत. माकुळाला दहा, ऑक्टोपसला आठ, नॉटिलसला नव्वदच्या आसपास. पण नॉटिलसच्या भ्रूणातही सुरुवातीला दहाच अंकुर फुटतात. म्हणजे मूळ आकडा दहा, आणि अमोनाइट त्याच घराण्यातला. हा तर्क भक्कम आहे. मी स्वतः दहावरच पैज लावेन. लांब भुजांना मात्र काहीही आधार नाही. उलट मला त्या आखूड असाव्यात असे वाटते. बारीक जीव टिपणाऱ्या आणि पटकन आत दडणाऱ्या प्राण्याला लांब भुजा अडचणीच्याच.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा विचार करावा लागतो. जीवाश्मात एखादा अवयव नसणे याचा अर्थ दर वेळी सारखा नसतो. शाईचे बघा. माकुळाची शाई म्हणजे मेलॅनिन, आणि ते कमालीचे टिकाऊ आहे. इंग्लंडच्या लाइम रीजिस इथे जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना जीवाश्मांत शाईच्या पिशव्या सापडल्या होत्या, आणि त्यांची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांनी ती जुरासिक शाई पाण्यात कालवून चित्रे काढली. तिथल्या शाईचे रासायनिक विश्लेषण २०१२ मध्ये झाले, तेव्हा ती आजच्या माकुळाच्या शाईशी जवळजवळ जुळली. अमोनाइटलाही शाईची पिशवी होती असे दावे पूर्वी झाले, पण ते टिकले नाहीत. जिथे माकूळवंशीयांची शाई जागच्या जागी राहते तशा थरांतही अमोनाइटांत ती मिळत नाही. टिकाऊ वस्तू टिकायच्या जागी नसेल, तर ती नव्हतीच असे म्हणता येते. भुजा मऊ, लवकर सडणाऱ्या. त्या न सापडण्यावरून त्या नव्हत्या असे म्हणता येत नाही.

न सापडण्याचे आणखी एक स्पष्टीकरण कधी कधी ऐकू येते, ते अमोनियाचे. अनेक माकुळे तरंगण्यासाठी अंगात अमोनियायुक्त द्रव साठवतात. त्याने आम्लता वाढू शकत नाही, फॉस्फेट साचत नाही, आणि म्हणून त्यांचे जीवाश्म दुर्मीळ असतात, असे २०१७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मांडले. लेबननच्या चुनखडीत साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे ऑक्टोपस आठही भुजांसकट मिळतात, त्याच्याशी हे छान जुळते, कारण ऑक्टोपस अमोनिया साठवत नाहीत. काही जण हेच अमोनाइटला लावतात. मला ते पटत नाही. ज्याच्याजवळ तरंगण्यासाठी कप्पेदार शंख आहे त्याला अमोनियाचे ओझे कशाला? अमोनाइटच्या बाबतीत दोष शंखाचाच असावा: शरीर त्यातून गळून गेले, आणि शंख वेगळ्याच ठिकाणी तळाला बसला.

डोळ्यांबद्दल दोन वाक्ये. वायव्य जर्मनीतल्या काही अमोनाइटांत डोळ्यांच्या जागेच्या खुणा सांगितल्या गेल्या आहेत. पण आत माकुळासारखे भिंग होते की नॉटिलससारखे नुसते छिद्र, हे कोणत्याही जीवाश्माने दाखवलेले नाही. पट्टेदार कातडी तर पूर्णपणे चित्रकाराची.

वर्गासाठी माझी सूचना अशी. मासळीबाजारातून एक ताजे माकूळ आणा आणि मुलांसमोर उघडा. भुजांच्या मधोमध पोपटाच्या चोचीसारखा काळा जबडा असतो, तो काढून दाखवा. जबड्याच्या आत जिभेवर बोट फिरवले की खरखर लागते, ती रॅड्युला. डोक्याखाली नरसाळे, पोटात शाईची पिशवी, आणि पाठीत पारदर्शक पाती, जी त्याच्या पूर्वजांच्या शंखाचा उरलेला भाग आहे. मग फळ्यावर अमोनाइट काढा. शंख, जबडा, दात, आतडे आणि आत ओढणारे स्नायू ठळक रेघेने. नरसाळे आणि दहा आखूड भुजा तुटक रेघेने. डोळ्याच्या जागी नुसते वर्तुळ, आत काही नाही. कातडी कोरी ठेवा.

आणि कोणी कच्छला सहलीला जाणार असेल, तर अमोनाइट उचलण्याआधी शेवटचा पडदा कुठे संपतो ते शोधायला सांगा. तिथून पुढची खोली शाबूत असेल आणि आतल्या दगडात गडद डाग, काळी पापुद्र्यासारखी रेघ किंवा दोन जुळ्या पट्ट्या दिसत असतील, तर तो नमुना घासू नका, आम्लात बुडवू नका, फोडू तर मुळीच नका. कोणत्या थरात, वरचा भाग कोणत्या दिशेला होता ते लिहून, फोटो काढून, तो जवळच्या भूशास्त्र विभागात दाखवा. आत काय आहे ते न फोडता बघण्याची साधने आता आहेत.